मार्शल आर्ट्सची "सगळ्यांनी मिळून लिहिलेली" साइट, भरवसा ठेवावा का? (बडोदेकरांनो मदत करा)

रावपुऱ्याची_आई
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, चार वर्षं कराटे करते, आता शाळेत प्रोजेक्ट दिलंय मार्शल आर्ट्सच्या इतिहासावर. तिला एक साइट सापडलीय, फक्त ह्याच विषयाची, विकिपीडियासारखी, म्हणजे कोणीही अकाउंट काढून लिहू शकतं. दिसायला एकदम झकास, प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान, गुरू-शिष्यांच्या वंशावळी, डावांची नावं, सगळं. पण टीचरने वहीत लाल पेनने नुसतं "स्रोत?" लिहून पाठवलंय आणि ही म्हणते आई तिथे लिहिलंय म्हणजे खरंच असणार ने. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, आयुष्यात फक्त लेझीम खेळलेय. साइट वापरू द्यावी का? आणि मराठीत काही आहे का?

अलकापुरी_बॉय
विकिपीडिया वापरा, बाकी टाइमपास.

पूर्वीचा_पहिलवान
ताई, अख्ख्या साइटला मार्क देता येत नाहीत, एकेका पानाला द्यावे लागतात. ज्युडोचं पान बहुतेक बरं निघेल कारण त्याची जन्मतारीखच पक्की आहे, जिगोरो कानोने १८८२ साली टोकियोत कोडोकान, म्हणजे ज्युडोची पहिली शाळा, काढलं, नोंदी आहेत, भांडायला जागा नाही. पण "दोन हजार वर्षांची परंपरा" दिसली की चष्मा पुसून वाचायचं. तायक्वांदोचं पान उघडा. हे नाव ठरलं १९५५ मध्ये, आणि कोरियातल्या सुरुवातीच्या तालमी काढणाऱ्यांतले बरेचजण कराटे शिकून आलेले. हे पानावर असेल आणि दोन हजार वर्षांचं "असा दावा आहे" म्हणून असेल तर लिहिणाऱ्याने अभ्यास केलाय. नुसतीच दोन हजार वर्षं असतील तर कुठल्यातरी क्लासच्या पॅम्फ्लेटवरून उतरवलंय समजा.

दुसरा आपला लाडका मुद्दा, बोधिधर्म ह्या बौद्ध भिक्षूने भारतातून चीनला जाऊन शाओलिन मठात कुंग फू शिकवलं. ऐकून छाती फुगते, माझीही फुगायची. पण ही गोष्ट ज्या यीजिन जिंग नावाच्या पोथीवर उभी आहे ती सतराव्या शतकातली, आणि बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. मध्ये हजार वर्षं गेली की हो. शाओलिनला ७२८ सालचा शिलालेख आहे, त्यात भिक्षूंनी ६२१ च्या लढाईत मदत केल्याचं येतं, बोधिधर्माने कोणाला हाणामारी शिकवल्याचं नाही येत.

मग पानाच्या वर "इतिहास" असतो तो उघडा, कोणी काय बदललं ते दिसतं. एकाच नावाने महिन्यात पन्नास बदल आणि खाली त्याच्याच क्लासची लिंक, झालं, ते पान सोडून द्या. बाजूला "चर्चा" असते, तिथे लोक भांडत असतील तर उलट बरं, म्हणजे कोणीतरी वाचतंय. मी स्वतः एकदा अशाच एका साइटवर मल्लखांबाच्या पानात बाळंभटदादा देवधरांचं नाव घातलं होतं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, मल्लखांब ज्यांनी परत उभा केला ते. दोन दिवसांत कोणीतरी उडवलं, "स्रोत दिलेला नाही" म्हणून. डोकंच फिरलं माझं. पण खरंच दिला नव्हता ने मी! तेव्हापासून ती साइट मी जरा मानतो.

अलकापुरी_बॉय
एवढं वाचेपर्यंत प्रोजेक्टची तारीख निघून जाईल काका 😄

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक
अहो परीक्षा घ्यायचा दगड आपल्याच गावात पडलाय, शब्दशः. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने उचललेला दगड आहे, त्यावर २३ डिसेंबर १९०२ ही तारीख कोरलीय. त्या साइटवर गामाचं पान काढा आणि दगडाचं वजन काय दिलंय ते सांगा. मग बोलू.

रावपुऱ्याची_आई
१२०० किलो लिहिलंय. उंची अडीच फूट. खाली एका पेपरची लिंक आहे, ती उघडली तर त्या पेपरात "इंटरनेटवरील माहितीनुसार" 🙈

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक
हाच तो गोल गोल घोळ. साइटवाला पेपरवरून घेतो, पेपरवाला साइटवरून, आणि दोघं एकमेकांना साक्षीदार. आता हिशोब करा. साधारण दगड घनमीटरला २.७ टन धरा, तर १२०० किलोला साधारण ०.४४ घनमीटर लागेल, म्हणजे अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच असा सरळ चौकोनी ठोकळा. कुठे गोलाई आली, कोपरे गेले की वजन धडाधड खाली. आणि २०२० मध्ये आइसलंडच्या ब्यॉर्नसनने ५०१ किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन कमरेपर्यंत उचलणं) मारली तर जगभर बातमी झाली, तीही हातात धरायच्या दांड्याने. गामा थोरच, १९२८ ला पतियाळात पोलंडच्या झ्बिस्को पहिलवानाला मिनिटभरात पाडला, त्याला ह्या आकड्याची गरज नाही. तारीख खरी, आकड्याला आधार नाही, एवढं मुलीने दोन ओळीत लिहिलं तरी टीचर खूश.

बँकरोडचे_काका
मराठीत काय आहे विचारलंत ना. व्यायाम ज्ञानकोश, दहा खंड, द. चिं. मुजुमदार संपादक, बडोद्यातूनच निघाला, १९३६ ते १९४९. अख्खा मराठीत, कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, सगळं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन विचारा, काचेची फरशी बघून मुलगी तशीही खूश होईल. जुनं पाहिजे तर सोमेश्वराचा मानसोल्लास, बाराव्या शतकातला, त्यात मल्लविनोद म्हणून प्रकरणच आहे, आणि मल्लपुराण, मोढेऱ्याकडच्या ज्येष्ठीमल्लांचं, म्हणजे पिढीजात कुस्ती करणाऱ्या ब्राह्मणांचं. दोन्ही गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापलेत, म्हणजे परत आपलं बडोदंच. साइटवर ह्यातलं काही येत असेल तर पान नंबर दिलाय का बघा. "प्राचीन ग्रंथांत उल्लेख आहे" असं असेल तर कुठला ग्रंथ ते विचारायचं, माझ्या वडिलांनी मला हेच विचारून छळलंय. आणि छापील आहे म्हणून डोळे झाकू नका, तेव्हाही लोक आपल्या आखाड्याचं कौतुकच लिहायचे.

रावपुऱ्याची_आई
काका, दादा, सगळ्यांना थँक्यू. साइट ठेवतोय पण फक्त रस्ता शोधायला, वहीत तिचं नाव स्रोत म्हणून नाही. रविवारी सकाळी कमाटीबाग, मग येताना सेव-उसळ. लेकीने आत्ताच शिवणाची टेप पर्समध्ये टाकलीय, मी म्हटलं हात लावू देतील का कोणास ठाऊक.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक
टेप राहू द्या. तिला दगडाशेजारी उभी करा आणि फोटो काढा, उंची माहितीय ने तिची?

रावपुऱ्याची_आई
पाच फूट एक. चप्पल काढून 😄