रेडिएटर फॅनला डॅशबोर्डवरून वेगळा स्विच द्यायचाय, वायरिंग कसं करावं?

सड्यावरचा (रत्नागिरी)
गाडी जुनी, कार्ब्युरेटरची पेट्रोल, एसी नाही. हायवेला टेम्परेचरचा काटा मध्यावर असतो. आंबा घाटात साखरप्याकडून चढताना लोडच्या ट्रकमागे अडकलं की काटा पाऊण भागाच्या वर जातो आणि तेव्हा कुठे फॅन लागतो. बॅटरीवर थेट लावला तर फॅन जोरात फिरतो. रेडिएटरवरच्या थर्मो स्विचला (ठरावीक तापमानाला आपोआप फॅन लावतो तो) दोन वायरी आहेत. घाट लागायच्या आधीच फॅन चालू करता यावा म्हणून टॉगल स्विच बसवायचाय. गॅरेजवाले म्हणतात, बॅटरीचा पॉझिटिव्ह स्विचमधून सरळ फॅनला देऊ. चालेल का?

खाडीपट्टा
नका देऊ तसं. छोट्या गाडीचा फॅन चालताना साधारण ८ ते १२ अँपिअर खेचतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. डॅशबोर्डचा टॉगल आतून जळतो किंवा चिकटून बसतो. शिवाय फ्यूज नसलेली बॅटरीची वायर पत्र्याच्या भोकातून केबिनमध्ये आली आणि कडेला घासली, तर गाडी पेटायला तेवढं पुरे. रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच.

आणि हो, फॅन उशिरा का लागतो ते आधी बघा. थर्मो स्विच काढून दोरीने गरम पाण्यात सोडा, दोन पिनांना मल्टिमीटर लावा, शेजारी थर्मामीटर धरा. स्विचवर तापमान कोरलेलं असतं, त्याच्या आसपास बीप यायला हवा. स्विच चांगला निघाला तर कूलंटमध्ये हवा अडकली असेल, नाहीतर जाळी आपल्या लाल धुळीने बुजली असेल. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा.

वायरिंगवाला दापोली
मूळ गोष्ट एवढीच की नवा स्विच थर्मो स्विचच्या पॅरललला (समांतर) बसतो, त्याच्या जागी नाही. तुम्ही बटण दाबायला विसरलात तरी थर्मो स्विच आपलं काम करत राहिला पाहिजे.

थर्मो स्विचचा कनेक्टर काढा, इग्निशन चालू करा आणि कनेक्टरमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला पाहिजे. हात पात्यांपासून लांब. कुठेतरी टक् आवाज आला तर गाडीत रिले आधीच आहे. आवाज नाही आणि जोडताना जोरात ठिणगी पडली, तर फॅनचा सगळा करंट थर्मो स्विचमधूनच जातोय. स्विच पॉझिटिव्ह तोडतोय की अर्थ, यावर लोक घोळ घालतात आणि चुकीच्या वायरीला अर्थ देऊन फ्यूज उडवतात. पुढची जोडणी केली तर तो प्रश्नच उरत नाही.

१२ व्होल्टचा ३०-४० अँपिअरचा चार पिनांचा रिले घ्या. ३० आणि ८७ या पिना थर्मो स्विचच्या दोन वायरींना जोडा. कुठली कुठे, याने फरक पडत नाही. इथे २.५ स्क्वेअर मिमीची वायर. पिन ८६ ला इग्निशननंतर चालू होणाऱ्या फ्यूजचा पॉझिटिव्ह, पिन ८५ ची वायर टॉगलवर आणि टॉगलचं दुसरं टोक बॉडी अर्थला. ही बाजू ०.७५ ची चालते, कारण रिलेची कॉइल अँपिअरचा पाचवा हिस्साही जेमतेम घेते. आत येते ती फक्त ही बारीक वायर, आणि ती घासून बॉडीला लागली तरी फॅन नुसता चालू होतो, आग नाही. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळी सोडा, पण टेप न लावता सोडू नका.

फॅनचा मूळ फ्यूज तसाच ठेवा. उडत असेल तर मोठा घालू नका, मोटरचे बुश तपासा.

मालवण किनारा
जोडणी बरोबर. पण आपल्याकडे वायरिंग मारते ती खारी हवा. वायर सोलून पीळ घालायचा आणि वर काळी टेप, हे एका पावसाळ्यात संपतं. टेपखाली दमट शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि फॅनला पोचणारे व्होल्ट उतरतात. क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. रिले पिना खाली करून बसवा आणि वायर रिलेच्या खालून वळसा देऊन वर न्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून जाईल. अर्थच्या जागी रंग खरवडून रिंग लग घट्ट आवळा आणि मग वरून रंग मारा. आधी रंग मारून मग लग बसवणारे पुष्कळ बघितलेत.

पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, इंजिनात पन्हाळी नळी. उंदीर वायर खातात तेही तिथेच.

सड्यावरचा (रत्नागिरी)
मनापासून आभार, ३०-८७ ची युक्ती कळली. अजून दोन शंका. रस्त्यावर पाणी भरलं की फिरता फॅन पाण्यात मोडतो म्हणतात, तर ‘बंद’ अशी तिसरी पोझिशन ठेवू का? आणि डॅशबोर्डला दिवा?

वायरिंगवाला दापोली
फॅन पाण्यात मोडतो हे खरं, पातं वाकून रेडिएटरलाही लागतं. तरी ‘बंद’ ठेवू नका. त्यासाठी मूळ सर्किटमध्ये एक जास्तीचा संपर्क सिरीजला येतो. तो खारवून गंजला की फॅन कायमचा बंद, आणि कळतं ते इंजिन उकळल्यावर. पाण्यातून जायचंच झालं तर फॅनचा फ्यूज काढा आणि पलीकडे पोचल्याबरोबर परत घाला.

दिवा मोटरच्या दोन टोकांवर समांतर जोडा, १२ व्होल्टचा तयार इंडिकेटर मिळतो. मात्र दिवा लागला म्हणजे मोटरपर्यंत करंट आला एवढंच. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असतील तर दिवा लागूनही पातं जागचं हलत नाही. म्हणून घाटाखाली थांबून एकदा आवाज ऐका.

खाडीपट्टा
वाचणाऱ्या इतरांसाठी: नव्या गाड्यांत फॅन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लावतो, वेगळा थर्मो स्विच बहुधा नसतोच. तिथे ईसीयूच्या वायरीला बाहेरून पॉझिटिव्ह दिला तर ईसीयूच्या आतलं फॅन लावणारं सर्किट जळू शकतं. एसी लावला की फॅन फिरतो का, एवढं आधी बघा.

सड्यावरचे, काम झालं की इंजिन चालू ठेवून फॅन लावा, बॅटरीवर आणि मोटरच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मोटरचा कनेक्टर किंवा अर्थ कच्चा आहे, ते आधी साफ करा. चढात तरीही काटा वर गेला तर केबिनचा हीटर फुल करा आणि काचा खाली. घाम निघेल, पण काटा उतरतो.