मदत हवी आहे: जर्मनीचं रेसिडन्स परमिट अजून हातात नाही, लग्नाला येऊ का?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत मास्टर्स करतोय. एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी), 11,904 युरोंचं ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), सगळं पार करून आलो आणि आता परमिटवर गाडी अडली. व्हिसा संपायच्या आधीच अर्ज केला होता, पण कार्ड काही येईना. त्याऐवजी 'फिक्शन्सबेशायनिगुंग' नावाचा घडीचा कागद, म्हणजे अर्जाचा निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता पुरावा, मिळालाय (उच्चार करता करता दम लागतो!). त्यावर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम 81, परिच्छेद 4 समोर फुली आहे. म्हणजे जर्मनीत परत प्रवेश मिळतो, असं वाचलंय.

डिसेंबरात साताऱ्याला ताईचं लग्न आहे. आई रोज विचारते, "तिकीट काढलंस का रे?"

या कागदावर कुणी जाऊन परत आलंय का? मुंबईला चेक-इन काउंटरवर अडवलं का? दुबईमार्गे यावं की थेट विमानानं? स्वतः प्रवास केलेल्यांनीच सांगा, प्लीज.