गुलामगिरीबंदीचं श्रेय
एक दावा नेहमी केला जातो की गुलामगिरी ख्रिस्ती लोकांनी बंद केली, म्हणून समतेचं मूल्य मुळात ख्रिस्तीच. यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. आधार ख्रिस्ताच्याच शिकवणीचा: आपल्याशी जसं वागावंसं वाटतं तसंच इतरांशी वागा. ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सची प्रेरणाही धार्मिकच होती.

पण तेच बायबल विरुद्ध बाजूच्याही हातात होतं. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे बायबलमधल्या, आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या नावावरच्या पत्रांतच आहे. अमेरिकेत १८४५ साली दक्षिणेतले बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती (सदर्न बॅप्टिस्ट) वेगळे झाले, ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादातून. मजकूर शतकानुशतकं तोच होता. मग संघटित चळवळ अठराव्या शतकातच का उभी राहिली?

आणि हैती, कॅरिबियनमधली तेव्हाची फ्रेंच वसाहत? (या चर्चांमधून ते हमखास गळतं.) १७९१ साली तिथले गुलाम स्वतः उठले. १७९४ मध्ये फ्रान्सने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा पॅरिसमध्ये चर्चशी उभं वैर असलेल्या क्रांतिकारकांची सत्ता होती. ब्रिटनचा गुलामगिरीबंदीचा कायदा त्यानंतरचा, १८३३ चा. नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामगिरी परत आणली हे खरं, पण हैतीतल्या माणसांनी ती पुन्हा लादून घेतली नाही.