मदत हवी आहे : विद्यार्थ्यांना स्वतःचे कोठे चुकते हेच सांगता येत नाही

रसायनवाली : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. चाचणीआधी प्रत्येकाकडून अपेक्षित गुण लिहून घेतले, तेव्हा २० पैकी १५ लिहिणाऱ्या कित्येकांना प्रत्यक्षात ७ मिळाले. नंतर आत्मपरीक्षणाचा कागद दिला, तर जवळजवळ सर्वांनी ‘अभ्यास कमी पडला’ एवढेच लिहिले. पुढची चाचणी सोमवारी आहे. कृपया लवकर सुचवा.

होटगीरोड : कागदावर नेमके काय विचारले होते? तो गुण कळण्याआधी दिला की नंतर?

अक्कलकोटकर : माझ्या ३० वर्षांच्या अनुभवात पाठांतर घेतल्याशिवाय काहीही सुधारलेले नाही. मुलांकडून व्याख्या दहा-दहा वेळा लिहून घ्या.

पूर्वभाग : आमच्याकडे अनेक मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि पुस्तक इंग्रजीत असते. कागद कोणत्याही भाषेत लिहू द्या.

रसायनवाली : प्रश्न एकच होता, ‘तुमचे कोठे चुकले?’ कागद गुण कळल्यानंतर दिला आणि तोही इंग्रजीत लिहायला सांगितला होता.

होटगीरोड : मग उत्तर तसेच येणार. तयारीचा किती वेळ वही पुन्हा वाचण्यात गेला आणि किती वही मिटून लिहिण्यात, गुण व्याख्येत गेले की एककांत की गणिताच्या पायरीत, आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलणार, असे विचारा. सोडवलेले मोलॅरिटीचे (द्रावणात पदार्थ किती प्रमाणात विरघळला आहे ते काढण्याचे) उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते आणि ‘मला येते’ असे वाटते. १५ चा अंदाज तेथूनच येतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले.

अक्कलकोटकर : आठवून लिहिणे म्हणजे पाठांतरच झाले. शिवाय एवढे करताना अभ्यासक्रम केव्हा संपवायचा?

होटगीरोड : दहा वेळा पाहून लिहिणे आणि एकदा न पाहता लिहून चूक शोधणे यांत फार अंतर आहे. तासाची शेवटची पाच मिनिटे त्यासाठी पुरतात. भरलेले कागद मात्र जपून ठेवून पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी परत द्यावेत, नाहीतर ठरवलेला बदल मुले विसरतात.

पूर्वभाग : नाव लिहायला लावू नका, मुले खरे लिहिणार नाहीत.

रसायनवाली : नाव नसेल तर ज्याचा कागद त्याला परत कसा देणार? सोमवारपुरते मागच्या चाचणीचे नवे कागद उद्याच मराठीत भरून घेते आणि प्रत्येकाला नावाऐवजी स्वतःला ओळखता येईल अशी खूण करायला सांगते.