जेवणानंतरची शतपावली आणि साखर: तुमच्याकडची नेमकी माहिती लिहा

मधुमेहात जेवणानंतर चालण्यापुरताच विषय ठेवू. चालणं चांगलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कधी, किती, कुठल्या वेगाने आणि नेमकं कुठे बिघडतं, ते लिहा.

रानवारा
जेवल्यावर साखर साधारण तास-दीड तासाने सर्वांत वर जाते. म्हणून हात धुतल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघायचं. मांडी-पोटरीचे स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात; ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यांनाही फायदा होतो तो यामुळेच. शंभर पावलं मिनिटभरात संपतात. निदान १५ मिनिटं चाला. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची निवडा, कारण त्यानंतर माणूस आडवाच होतो.

मीठमिरची
वेगासाठी १५ सेकंदांत पडणारी पावलं मोजा, २५ आली की मध्यम वेग. बोलता यावं, गाता येऊ नये. भरल्या पोटी याहून जोर नको, जळजळ होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. रोज दोन जेवणांनंतर पाव-पाव तास धरला तर २१० होतात. दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलाय, त्यासाठी जीव काढू नका.

सावळी
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर चालताना साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून खिशात साखर हवीच. घाम, थरथर, अंधारी आली की थांबा, बसा. मीटरवर ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. आणि हे फार थोड्यांना सांगितलं जातं: जोडीला अकार्बोज किंवा वोग्लिबोज असेल तर ग्लुकोज पावडरच ठेवा. साधी साखर फुटून ग्लुकोज होण्याची क्रियाच ही औषधं मंदावतात.

भीमथडी
पायांचं राहिलंच की! शतपावलीच तर आहे म्हणून लोक घरच्या सपाता घालून किंवा अनवाणी निघतात. संवेदना कमी झालेल्या तळव्याला खडा टोचलेला कळत नाही, जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. बूट उलटा करून झटका, मग आत हात फिरवा: खडा, शिवणीचं टोक, दुमडलेलं अस्तर. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. परतल्यावर तळवे आरशात बघा. फोड आला तर फोडू नका, दाखवून घ्या, तोवर चालणं बंद.

रानवारा
भीमथडी, त्यालाच जोडून. ठरावीक अंतर गेल्यावर पोटरी आखडते आणि जरा थांबलं की मोकळी होते, असं वारंवार होत असेल तर ते थकवा म्हणून सोडू नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असू शकतात. डॉक्टरांकडून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब एकत्र तपासून घ्या.