घोडीच्या पांढऱ्या पेशी आधी 2,600 आणि आता 15,400, लॅबची चूक आहे का? मदत हवी आहे

पागेवाला_इंदूर
नमस्कार मंडळी, राहतो पागनीसपागेत (नावात पागा, पण आता तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही) म्हणून घोडी महू रोडला मामांच्या शेतावर असते. मंगळवारी रात्री दावं सोडवून तिने चंदीच्या कोठीत तोंड घातलं, किती जव आणि मका खाल्ला देव जाणे, सकाळी बघतो तर मान खाली, घाम, ताप 103, हिरड्या लालजांभळ्या आणि दातांच्या कडेने गडद रेघ. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, रक्त घेतलं, पेशी 2,600. म्हणाले टॉक्सिन चढलंय, चारही पाय बर्फात ठेवा, आणि निघाले पुढच्या केसला. आता आईला न्यूमोनिया झाला तेव्हा तिच्या पेशी 18 हजार झाल्या होत्या, मग हिच्या कमी कशा? काल संध्याकाळी परत तपासलं तर 15,400!! साईस म्हणतो वाढल्या म्हणजे बरी झाली, बर्फ बंद करू. करू का?

मालवी_मिरची
माणसांच्या लॅबमध्ये दिलं असेल भिया, दुसरीकडे टाकून बघा.

महूचा_जुना_विद्यार्थी
लॅबला शिव्या देऊ नका हो, दोन्ही आकडे खरे असू शकतात. घोड्याच्या पेशी साधारण 5 ते 12 हजार असतात. एवढं धान्य एकदम गेलं की न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, ॲसिड वाढतं, ग्राम निगेटिव्ह जिवाणू थव्याने मरतात आणि त्यांच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस), तेच एंडोटॉक्सिन, खराब झालेल्या आतड्यातून रक्तात उतरतं. जिवंत जंतू रक्तात शिरायची गरजच नाही, मेलेल्यांची सालं पुरतात. ती मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या सीडी14 आणि टीएलआर4 रिसेप्टरला लागली की त्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन असे दाह भडकवणारे निरोप सोडत सुटतात, आणि न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाहत्या रक्तातून बाजूला होऊन बारीक नसांच्या भिंतींना चिकटतात, फुप्फुसात तर फारच. मग सुईने काढलेल्या रक्तात येणार कुठून? रात्री राजवाड्यासमोर शुकशुकाट दिसला म्हणजे इंदूर झोपलं असं नसतं, सगळे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात खात बसलेले असतात, तसंच.

पुढे अस्थिमज्जा साठा रिकामा करते, कच्च्या पेशीसुद्धा पाठवते, म्हणून आकडा उसळतो. बरी होतेय की नाही हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. रिपोर्टमध्ये 'बँड' (म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल) किंवा 'टॉक्सिक चेंज' (विषाने बिघडलेल्या पेशी) लिहिलंय का बघा.

आणि आईशी तुलना नको. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस नावाच्या जिवाणूचं एलपीएस माणसाच्या पेशींत एंडोटॉक्सिनला अडवतं, घोड्याच्या पेशींत तेच आग लावतं. इतका फरक आहे, शिवाय घोडा या विषाला मुळातच फार हळवा.

पागेवाला_इंदूर
बाप रे, बँड लिहिलंय, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात! पण दुखणं पोटाचं आणि बर्फ पायाला, हे काय?

महूचा_जुना_विद्यार्थी
खुराच्या आत हाड आणि खूर धरून ठेवणारे पापुद्रे असतात, या चिडलेल्या पेशी तिथेही पोचतात. वरून खुराचं कडक कवच, सूज जाणार कुठे? धान्य खाल्ल्यावर पाय धरायला एक-दोन दिवस लागतात, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. गारव्याने तिथली सगळी लगबग मंदावते. टॉक्सिनची लक्षणं जाऊन निदान एक दिवस उलटेपर्यंत बर्फ काढू नका, आणि काढायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, घाईत असले तरी.

नाळबंदाची_सून
दादा, घरात फ्लुनिक्सिन (ताप-दुखण्यावरचं इंजेक्शन) असेल तर आपल्या मनाने जास्तीचं टोचू नका, एंडोटॉक्सिनसाठी 0.25 मिलिग्रॅम प्रतिकिलो असा छोटा डोस देतात, दुखण्यासाठीचा 1.1 वेगळा, आणि पाणी कमी पडलेल्या घोडीच्या किडनीला तो झेपत नाही. खुराच्या वर, सांध्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघत जा, ठणठण उडायला लागली की थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

पागेवाला_इंदूर
ताई, आत्ता बघितली, उजव्या पुढच्या पायाला डाव्यापेक्षा जोरात लागतेय. डॉक्टरांना फोन केलाय, निघाले म्हणाले. साईसला बर्फाच्या लाद्या आणायला पाठवलंय, बंद करू म्हणणारा तोच.