मदत हवी आहे: चकाकणारा फेस आणि अंधारं बोअर एकाच तपासणीत कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची कॅमेरा तपासणी लावतोय. मशीनिंग झालेला फेस (वरचा सपाट पृष्ठभाग) प्रचंड चकाकतो, आणि बोअरच्या (भोकाच्या) तळाशी बर (कापताना उरलेली धातूची कुसळ) राहिलीय का तेही त्याच स्टेशनवर बघायचंय. कॅमेरा १.६ मेगापिक्सेल मोनो (कृष्णधवल), गिगई (नेटवर्क केबलवर चालणारा), सेन्सर सोनी आयएमएक्स २७३, लेन्स १२ मिमी एफ ८ वर, वरून रिंग लाइट. एक्स्पोजर १६०० मायक्रोसेकंद ठेवलं तर बोअर दिसतं, पण फेस २५५ वर (पूर्ण पांढरा) जाऊन बसतो. १०० वर आणलं की फेस छान, बोअर मात्र १०-१२ ग्रे व्हॅल्यूवर. गॅमा (अंधाऱ्या भागांना उजळवणारी सेटिंग) बदलला तर बोअर उजळतं, पण दाणेदार होतं. जॉब ३०० मिलिसेकंद थांबतो. कॅमेऱ्यात एचडीआर (उजळ आणि अंधारा भाग एकाच फोटोत नीट दाखवणारा मोड) असा पर्यायच नाही. काय करू?

प्रतिसाद १

आधी उजेडाकडे बघा. लाइटवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर लावले की फेसची थेट चकाकी बरीच मरते. प्रकाश खूप घटतो, त्यामुळे एक्स्पोजर चौपट किंवा जास्तच वाढवावं लागेल. जॉब थांबतोय, तेव्हा चालून जाईल.

प्रतिसाद २

पोलरायझरनंतरही फरक उरला तर कॅमेऱ्यातला सिक्वेन्सर वापरा, म्हणजे दर ट्रिगरला तो आळीपाळीने वेगळ्या सेटिंगचा फोटो घेतो आणि मग दोन फोटो जोडता येतात. जॉब स्थिर आहे म्हणूनच हे सुचवतोय. चालत्या कन्व्हेयरवर दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

एक्स्पोजर ऑटो आणि गेन (सिग्नल वाढवणं) ऑटो दोन्ही बंद, गेन ०, गॅमा १, पिक्सेल फॉरमॅट मोनो १२ पॅक्ड. सिक्वेन्सर मोड बंद असतानाच कॉन्फिगरेशन मोड चालू करा. सेट ० मध्ये १०० मायक्रोसेकंद, पुढचा सेट १, ट्रिगर सोर्स फ्रेम स्टार्ट, मग सेट सेव्ह. सेट १ मध्ये १६००, पुढचा सेट ०, पुन्हा सेव्ह. सेव्ह न करता सेट नंबर बदलला की भरलेलं एक्स्पोजर जातं, बहुतेकांचं इथेच अडतं. शेवटी कॉन्फिगरेशन मोड बंद, सिक्वेन्सर मोड चालू. काही कॅमेऱ्यांत वीज गेली की सेट पुसले जातात, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच ते लिहा.

चंक डेटामध्ये (प्रत्येक फोटोसोबत येणाऱ्या माहितीत) एक्स्पोजर टाइम चालू ठेवाच. एखादा ट्रिगर हुकला तर जोडी उलटी होते आणि नुसत्या फोटोवरून ते कळत नाही.

जोडताना १६०० च्या फोटोत ३८०० च्या वर (१२ बिटमध्ये कमाल ४०९५) गेलेला पिक्सेल सोडा, त्याजागी १०० चा पिक्सेल १६ ने गुणून घ्या. १६ पट म्हणजे २४ डीबी जास्तीची रेंज.

धागाकर्ता

जमलं! पण बोअरच्या कडेला, जिथे दोन फोटो जुळतात तिथे, एक खोटी रिंग दिसते आणि एज टूल (कडा शोधणारं सॉफ्टवेअर) तीच पकडतं.

प्रतिसाद २

ब्लॅक लेव्हल (पूर्ण अंधारातही कॅमेरा देतो ती किंमत) वजा केलेली नसणार. समजा ती ६४ आहे. १०० च्या फोटोबरोबर तीही १६ ने गुणली जाते आणि १०२४ ची भर पडते, तर दुसऱ्या फोटोत फक्त ६४. लेन्सला झाकण लावून दोन्ही सेटचे फोटो घ्या, सरासरी काढा, आधी ती वजा करा आणि मगच गुणा.

त्यानंतरही रिंग कधी दिसते, कधी नाही असं झालं तर लाइटचा डिमर तपासा. पीडब्ल्यूएम (लाइट भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणं) १ किलोहर्ट्झवर असेल तर त्याचं एक चक्र १ मिलिसेकंदाचं. १०० मायक्रोसेकंदाचं एक्स्पोजर कधी त्याच्या चालू भागात पडेल, कधी बंद भागात, आणि १६ चं गुणोत्तर टिकणार नाही. डीसी करंटवरचा कंट्रोलर लावा, किंवा एक्स्पोजर ॲक्टिव्ह सिग्नलवरून (एक्स्पोजर चालू असतानाच कॅमेरा देतो तो सिग्नल) स्ट्रोब द्या, म्हणजे लाइट तेवढ्याच वेळेला लागेल.

कडेवरून लाइन प्रोफाइल (एका रेषेवरच्या ग्रे व्हॅल्यूंचा आलेख) काढून बघा, पायरी राहिली असेल तर लगेच दिसेल. प्रोफाइल इथे टाकलंत तर पुढचं सांगतो.